जावयानं आवळलेला नट

माझं लग्न झालं त्याच्या पुढच्याच वर्षी जेठात धोंडा आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाची चंगळ. सासरची माणसं बोलावून नेणार, पाटावर बसवून पाय धुणार, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालणार आणि वर अंगावर नवे कपडे चढवणार. एरवी ज्याला घरात कुणी फारसं विचारत नाही असा माणूसही त्या महिन्यात देव होऊन बसतो. मला देव व्हायची फार हौस होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मी मुखेडकडचा. नांदेडला आयटीआय केली, फिटर झालो आणि विष्णुपुरीला धरणाच्या कामावर वर्कशॉपात चिकटलो. तिथं माणसाएवढाले पंप उघडायचे, बसवायचे. समोर गोदावरीचं पाणी. सासर मात्र औशाच्या पलीकडं, कोरडवाहू गावात. लातूर जिल्हा नवा झालेला होता, कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंगसुद्धा अजून उडाला नव्हता. सासऱ्यांना त्याचा मोठा अभिमान. आधी साध्या कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता लातूर हाकेच्या अंतरावर आलं, असं ते प्रत्येक भेटीत सांगायचे. मी म्हणायचो, "मामा, जिल्हा तर मिळाला, आता पाणी कधी मिळतंय बघा." ते हसायचे. जावयाच्या विनोदाला हसावंच लागतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, मी फार विनोदी आहे.

बायको आधीच माहेरी गेली होती. मी नांदेडहून लातूरची गाडी धरली, तिथून औसा, आणि फाट्यावर उतरून चालत गावात शिरलो. रस्त्यानं कुठं हिरवं म्हणून दिसलं नाही. आदल्या वर्षीचा पाऊस नुसता हुलकावण्या देऊन गेला होता. काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. गावच्या विहिरी हिवाळ्यातच आटल्या होत्या. सरकारी टँकर यायचा, पण कधी यायचा ते गावात कुणालाच सांगता येत नसे.

सासऱ्यांच्या गल्लीचं पाणी मेहुण्याच्या जिवावर चाललं होतं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वयानं माझ्याहून लहान आणि बोलायला फारच कमी. घरच्या टायरगाडीवर त्यानं लोखंडी टाकी बसवून घेतली होती. ओढ्याच्या पलीकडं एका मळ्यात विहिरीला अजून पाणी होतं. मळ्याच्या मालकानं गल्लीला दिवसाआड एक टाकी भरून न्यायची मुभा दिली होती. मेहुणा बैल जुंपून जायचा, पोहऱ्यानं पाणी शेंदून टाकी भरायचा आणि दुपार कलताना गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करायचा. बाया घागरी घेऊन ओळीनं उभ्याच असायच्या. त्या एका टाकीवर सगळ्या गल्लीचा स्वयंपाक, पिणं आणि जनावरं, पुढची टाकी येईपर्यंत.

त्याची एक सवय मी आधीच्या खेपेला बघितली होती. बैल जुंपायच्या आधी तो दोन्ही चाकांपाशी जायचा, वरून दोन्ही हातांनी टायर धरायचा आणि चाक गदागदा हलवून बघायचा. चाक डुगडुगलं तर नट ढिला आहे असं समजायचं. मला ते बघून हसू यायचं. आमच्याकडं वर्कशॉपात असल्या गोष्टींना मोजायची हत्यारं असतात, असं मी त्याला एकदा ऐकवलंही होतं. तो नुसता "व्हय दाजी" म्हणाला होता.

धोंड्याच्या जेवणाच्या दिवशी मी सकाळी लिंबाच्या सावलीत बाजेवर बसलो होतो. आत पुरण वाटण्याचा आवाज चालला होता. अंगणात मेहुण्यानं गाडी उभी केली, डावं चाक हलवलं आणि ते चांगलंच डुगडुगलं. तो दगड आणि लाकडाचा ठोकळा घेऊन आला, गाडी उचलून खाली ठोकळा सारला. चाक जमिनीपासून सुटलं. मग तो पाना आणायला आत गेला.

आता सांगा, फिटरच्या डोळ्यांसमोर चाक उघडं पडलंय आणि दारात त्याची नवी बायको पुरणाच्या हातानं उभी आहे, तर तो बाजेवर कसा बसेल? मी उठलो. मेहुणा बाहेर येताच त्याच्या हातातला पाना काढून घेतला.

सासरे ओसरीवरून म्हणाले, "जावईबापू, अहो हात काळे करू नका. आज धोंडा हाय. तो करतोय की."

"मामा, दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो. "आम्ही रोज याच्यापेक्षा मोठं काय काय आवळतो."

जावयाला दोनदा नको म्हणणं बरं दिसत नाही. सासरे मागं भिंतीला टेकले आणि मेहुणा माझ्या शेजारी उकिडवा बसला.

मी चाकाच्या मधली टोपी काढली. आतला नट म्हणजे डोक्यावर खाचा असलेला. त्याच्या खाचेतून आणि आसाच्या दांड्याला पाडलेल्या भोकातून एक पिन आरपार जाते, आणि पलीकडं तिच्या दोन्ही शेपट्या वाकवून टाकायच्या. मग चाक कितीही फिरलं तरी नट जागचा हलत नाही. सगळी मदार त्या बोटभर पिनेवर असते. जुनी पिन ओढून काढताना तुटली. मेहुण्यानं आतून एक पत्र्याचा डबा आणला, त्यात नवी पिन निघाली, एकच. तो म्हणाला, "जपून, दाजी." मी ती सदऱ्याच्या खिशात टाकली, मातीत पडायला नको म्हणून.

बेअरिंग काढून पुसलं, ग्रीस भरलं आणि परत बसवलं. एका हातानं चाक फिरवत दुसऱ्या हातानं नट आवळत गेलो. हे काम मी चांगलं केलं, आजही सांगतो. चाक जड झालं तसा नट थोडा मागं घेतला. पण खाच आणि भोक काही समोरासमोर येईनात. अर्धं भोक दिसत होतं आणि अर्धं नटाखाली दडलं होतं. पाना परत लावून नट एवढासा सरकवायचा होता.

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. त्यांना मी मामी म्हणायचो. मामी म्हणाल्या, "चला जावईबापू, निवद दावून झाला. पाय धुवायचेत. सगळं निवून चाललंय."

"आलोच," मी म्हणालो.

"आलोच न्हाई, चला," असं म्हणून त्या तिथंच उभ्या राहिल्या. उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. त्यांनी पहाटेपासून काही खाल्लं नव्हतं. जावई जेवल्याशिवाय त्या जेवणार नव्हत्या.

वारा सुटला होता आणि अंगणातली धूळ उडत होती. नुकत्याच भरलेल्या ग्रीसवर माती बसेल म्हणून मी टोपी नटावर ठोकून बसवली. जेवून येतो आणि पिन घालतो, असं मनाशी ठरवलं. ठरवलं ते मनातच राहिलं, तोंडानं कुणाला सांगितलं नाही. मेहुणा तेव्हा शेजारी नव्हता, बैलांना कडबा टाकायला गोठ्यात गेला होता.

आत पाट मांडला होता, भोवती रांगोळी. परातीत माझे पाय ठेवून मामींनी तांब्यानं पाणी सोडलं. धार इतकी बारीक होती की पाय जेमतेम भिजले. तेवढंच पाणी त्यांनी दोन्ही पायांना पुरवलं, पदरानं पाय पुसले आणि परातीतलं पाणी उचलून तुळशीला नेलं. मग हळदकुंकू, ओवाळणं, अनारशांचं ताट आणि त्यावर दिवा. सासऱ्यांनी आहेर दिला. टॉवेल, टोपी आणि नवा सदरा. सदरा लगेच अंगात घालायचा असतो. मी ग्रीसचा जुना सदरा काढला. बायकोनं तो माझ्या हातातून घेतला आणि खुंटीला टांगला.

पिन त्या सदऱ्याच्या खिशात होती. माझ्या लक्षातून ती सदऱ्याबरोबरच गेली.

मग मी जेवलो. किती जेवलो ते सांगत नाही. धोंडा मोडायचा, त्यावर तूप ओतून घ्यायचं, आग्रह झाला की नको नको म्हणत आणखी एक घ्यायचा. जेवताना मी विष्णुपुरीच्या पंपांच्या गोष्टी सांगत होतो. एक पंप सुरू केला तर तुमची टाकी डोळ्याचं पातं लवायच्या आत भरेल, असंही बोललो. मामी वाढता वाढता थांबून ऐकत होत्या. पाणी नसलेल्या घरात बसून मी पाण्याच्या बढाया मारत होतो आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. जेवण झालं तशी त्यांनी आतल्या खोलीत वाकळ अंथरली. मी आडवा झालो तो गाढ झोपलो. कुणी उठवलं नाही. धोंड्याला आलेल्या जावयाला झोपेतून कोण उठवणार?

मी झोपलेलो असताना अंगणात जे झालं ते बायकोनं मला पुढं सांगितलं. तिनं ते चुलीपुढून ऐकलं होतं. मेहुणा बैल घेऊन आला. चाकावर टोपी बसलेली बघितली. ठोकळा काढला, गाडी खाली घेतली आणि सवयीनं दोन्ही हात टायरवर ठेवले. सासरे ओसरीवर होते. ते दबक्या आवाजात म्हणाले, "आरं, जावयानं आवळलंय ते. त्यांच्या माघारी हलवून बघतूस व्हय? उठून बघितलं तर काय म्हणतील?"

मेहुण्यानं हात काढून घेतले. उजवं चाक तेवढं हलवून बघितलं आणि बैल जुंपले.

मला जाग आली ती गलक्यानं. गल्लीतलं एक माणूस दारात उभं राहून सांगत होतं की ओढ्याच्या उतारावर गाडीचं चाक निखळलं. टाकी उलटली. मी उठून बसलो आणि माझा हात आपोआप छातीवरच्या खिशाकडं गेला. नव्या सदऱ्याचा खिसा कोरा, घडीचा. मग डोळे खुंटीकडं गेले. जुना सदरा खाली घेतला, खिशात बोटं घातली, पिन तिथंच होती. ग्रीसचं बोटही न लागलेली, नवी.

मी अनवाणीच पळत सुटलो. जमीन तव्यागत तापली होती आणि मला ते कळतही नव्हतं.

उतारावर गाडी एका अंगावर पडली होती. निखळलेलं चाक घरंगळत खाली ओढ्यात जाऊन पडलं होतं. भरलेल्या टाकीचं ओझं आणि उतार, त्यात नट फिरत फिरत सुटला होता. टोपी आणि नट दोन्ही रस्त्यातच सापडले. एक बैल गुडघ्यावर पडला होता, त्याला माणसांनी उठवून उभं केलं होतं. मेहुणा बांधाला टेकून बसला होता. त्याची विजार गुडघ्यापासून फाटली होती आणि नडगीवरून रक्त ओघळत होतं. टाकीतलं पाणी जाग्यावर नव्हतंच. काळ्या रानातल्या भेगांनी ते केव्हाच पिऊन टाकलं होतं. गल्लीतल्या बाया घागरी घेऊन पळत आल्या होत्या. चाकोरीत कुठं ओंजळभर साचलं असेल तर बघत होत्या. एकीनं वाटीनं थोडा गढूळ गाळ घागरीत घेतला, मग तोही ओतून दिला.

मी गेलो तशा त्या बायांनी पदर डोक्यावर ओढून घेतले आणि वाट सोडून बाजूला झाल्या. मी त्या गावचा जावई होतो. एका घरचा जावई सगळ्या गावचा असतो. रिकाम्या घागरी कडेवर घेऊन त्या मान खाली घालून उभ्या होत्या, आणि मला वाटलं, यांच्यातल्या एकीनं जरी माझ्या तोंडावर घागर फेकून मारली तर बरं होईल.

सासरे माझ्या आधीच पोचले होते. मी सगळ्यांसमोर मूठ उघडली. तळहातावर पिन होती.

"मामा," मी म्हणालो, "ही माझ्याकडंच राहिली. मी घातलीच नाही. माझी चूक आहे."

सासऱ्यांनी पिनेकडं बघितलं. माझ्या तोंडाकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग होता, स्पष्ट दिसत होता. आणि मग त्यांनी तो राग उचलून तसाच्या तसा मुलावर नेऊन टाकला.

"तुझं डोळं फुटलं व्हतं का रं?" ते मेहुण्यावर ओरडले. "टोपी काढून बघायला काय झालतं? गल्ली तुझ्या भरवशावर हाय अन् तू बिनपिनेची गाडी घेऊन येतूस?"

मेहुण्यानं एकदा बापाकडं बघितलं. ज्या माणसानं त्याचे हात चाकावरून काढायला लावले तोच आता त्याला विचारत होता. तो तसं म्हणू शकला असता. तो म्हणाला, "चुकलं, आबा."

"अहो, त्याचं काही चुकलं नाही," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "मी केलंय. मला बोला."

सासऱ्यांचा आवाज एकदम खाली आला. माझ्याशी बोलताना ते जो आवाज लावायचे तोच. "तुमचं काय न्हाई त्यात, जावईबापू. तुमी उन्हात कशापायी आलात? पायात काही न्हाई तुमच्या." आणि त्यांनी वाकून स्वतःच्या पायातल्या चपला काढल्या आणि माझ्यापुढं ठेवल्या.

मी त्या घातल्या. न घालून करणार काय? ते तापलेल्या मातीत अनवाणी उभे राहिले आणि पुन्हा मुलाला बोलायला लागले. गल्लीतली माणसंही त्यालाच बोलत होती. पोरगं हलगर्जी झालंय, मन ठिकाणावर नसतंय, असं एकजण म्हणाला. मी सासऱ्यांच्या चपला घालून ते ऐकत उभा होतो. माणसं माझ्याकडं बघून समजूत घातल्यासारखी मान हलवत होती.

संध्याकाळी दुसऱ्या कुणाची गाडी आणून मोडकी गाडी घरी ओढली. आसाला काही झालं नव्हतं, नटही धड होता. घरात प्यायला एक घागर शिल्लक होती. त्यातलं पहिलं पाणी मला दिलं. मी नको म्हणालो तर मामींचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, जावई रुसला. आमच्याकडं जावयाचं रुसणं ही फार मोठी गोष्ट असते, त्याची कारणं माणसं वर्षानुवर्षं शोधत बसतात. मी ते पाणी प्यालो. बायकोनं माझ्याकडं पाठ करून अंथरूण घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत बघतो तर माझ्यासाठी बादली भरून ठेवली होती. काठोकाठ. वर वाफ येत होती.

मी बायकोला विचारलं, "हे पाणी कुठनं आलं?"

ती म्हणाली, "माय उजाडायच्या आत घरोघर गेली. ज्याच्या त्याच्याकडनं तांब्या तांब्या मागून आणलं. धोंड्याला आलेला जावई पारोसा गेला म्हणून लोक बोलतील, म्हणाली."

"मी नाही आंघोळ करणार."

"करा," बायको म्हणाली. "न्हाई केली तर ती आज जेवायची न्हाई."

मी पुष्कळ लाजिरवाण्या गोष्टी केल्यात आयुष्यात, पण त्या आंघोळीएवढी लाज मला कधी वाटली नाही. पहिला तांब्या अंगावर घेतला आणि मला वाटलं, हे कोणाच्या घरचं? कालच्या त्या वाटीवाल्या बाईचं? त्या दिवसांत सगळेच घमेल्यात उभं राहून आंघोळ करायचे, म्हणजे अंगावरचं पाणी भांड्यांना, जनावरांना कामी येई. मामींनी मला घमेलं ठेवलं नव्हतं. जावयाला घमेल्यात कसं उभं करणार? मी बायकोला हाक मारून घमेलं मागून घेतलं. साबण लावला नाही. अंग चोळलं नाही. नुसतं पाणी वरून घेतलं आणि खाली धरलं.

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तर मेहुणा न्हाणीच्या दाराशी उभा होता. तो लंगडत आत गेला आणि घमेल्यापाशी बसला. त्यानं नडगीवरची फडक्याची पट्टी सोडली. रक्त वाळून फडकं कातडीला चिकटलं होतं. माझ्या आंघोळीच्या पाण्यात त्यानं ते फडकं भिजवून सोडवलं आणि जखम धुतली. मी बघतोय असं दिसल्यावर म्हणाला, "पाणी वाया नको जायला, दाजी."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सुखानं ऐकला असता.

त्या दिवशी आम्हाला नांदेडला निघायचं होतं. मळ्याच्या मालकानं दया करून आणखी एक टाकी भरून न्यायला सांगितलं होतं. मेहुणा आम्हाला फाट्यावर सोडणार आणि तसाच मळ्याकडं जाणार असं ठरलं. एक बैल शेजाऱ्याचा मागून आणला. चाक मात्र अजून बसवायचं होतं. पाना घेऊन मेहुणा वाकला तोच सासरे म्हणाले, "थांब. जावईबापूंना करू दे. त्यांच्याच हातचं असू दे."

मला कळलं ते काय करत होते. काल काहीच झालं नाही, आमचा तुमच्यावर तेवढाच भरवसा आहे, हे त्यांना मला दाखवायचं होतं. मी खाली बसलो. चाक चढवलं, फिरवत फिरवत नट आवळला, थोडा मागं घेतला. खाच आणि भोक समोरासमोर आणलं, पिन घातली, पलीकडं शेपट्या वाकवल्या, एक इकडं, एक तिकडं. गल्लीतल्या बाया घागरी घेऊन कोपऱ्यावर उभ्या होत्या. गाडी परत येईपर्यंत त्या तिथंच थांबणार होत्या.

मी टोपी न बसवताच उठलो. मेहुण्याला म्हणालो, "हलवून बघ एकदा."

तो म्हणाला, "तुमी आवळलंय नव्हं, दाजी? मग काय बघायचं?"

"अरे, बघ म्हणतोय ना मी."

त्यानं बापाकडं बघितलं. सासऱ्यांनी मान नाही म्हणून हलवली. मेहुण्यानं टोपी उचलली, ठोकून बसवली, ठोकळा काढला आणि बैल जुंपायला लागला. मी तिथंच उभा राहिलो, काळ्या हातांनी. त्या घरातलं एकही माणूस माझं काम तपासायला तयार नव्हतं.

तेव्हा बायको ओसरीवरून उतरली. अंगावर माहेरचं नवं लुगडं होतं. तिनं पदर कमरेला खोचला, डाव्या चाकापाशी गेली, वरून दोन्ही हातांनी टायर धरला आणि चाक सगळ्या ताकदीनं हलवलं. एकदा आणि परत एकदा.

"अगं, अगं," मामी म्हणाल्या. "काय करायलीस?"

चाक हललं नाही. तिनं टोपी पान्याच्या टोकानं उचकटून काढली, आतली पिन डोळ्यांनी बघितली, बोटानं चाचपली आणि टोपी परत बसवली. कोपऱ्यावरच्या बाया बघत होत्या. सासरे दुसरीकडं बघत होते. हात पदराला पुसून ती गाडीवर चढली आणि भावाला म्हणाली, "हाण रं."

मी तिच्यामागं चढून बसलो. फाट्यापर्यंत तिनं माझ्याकडं बघितलं नाही, आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा मला कुणीतरी माझी चूक माझ्या पदरात टाकली म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी धुळीच्या नावावर पुसलं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मेहुणा अजूनही मला "व्हय दाजी" म्हणतो. सासरे गेले, शेवटपर्यंत त्यांनी त्या चाकाचं नाव काढलं नाही. बायकोनंही काढलं नाही. आम्ही गावाला निघालो की घराला कुलूप मी लावतो आणि जिना उतरायला लागतो. ती मागं थांबते. कुलूप एकदा ओढून बघते, मग खाली येते. मी खालच्या पायरीवर पिशव्या धरून उभा असतो.